टॉर्क रेंच दरवर्षी कॅलिब्रेट होतो, तरी दोन महिन्यांत चुकतो: नेमकं कुठं बघायचं

टॉर्क रेंच म्हणजे पिळण्याचा ठरवलेला जोर (टॉर्क) आला की क्लिक वाजणारा पाना. तो लॅबमधून तपासून येतो. सर्टिफिकेटवर ‘पास’, हँडलवर नवं स्टिकर, पुढची तारीख वर्षानं. सहा-आठ आठवडे जातात आणि लाइनवरून निरोप येतो की बोल्ट सैल निघताहेत. रेंच पुन्हा लॅबला जातो, पुन्हा पास होऊन येतो, आणि बोल्ट पुन्हा सैल निघतात.

मी भोसरीतल्या एका छोट्या असेंब्ली युनिटमध्ये टूल स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे गिअरबॉक्सच्या कव्हरला ८.८ ग्रेडचे एम-१२ चे आठ बोल्ट असतात आणि ड्रॉइंगवर टॉर्क ८५ न्यूटन-मीटर दिलेला आहे. वरचं चक्र आमच्याकडे दीड वर्ष चाललं. त्या काळात वॉशर बदलले, गॅस्केट बदललं, बोल्टचा पुरवठादारही बदलला. शेवटी लाइनवरचा एक जुना फिटर म्हणाला, “भाऊ, पाना लवकर वाजतोय. हाताला जोर लागत नाही.” त्या दिवशी रेंच टेस्टरवर, म्हणजे तो किती टॉर्कला क्लिक होतो हे मोजणाऱ्या यंत्रावर, लावला. ८५ वर सेट केलेला रेंच ७९.५ ला क्लिक होत होता. सर्टिफिकेट संपायला अजून सात महिने होते.

त्यानंतर आम्ही एकेक गोष्ट सोडवत गेलो. ज्यांच्याकडे हाच त्रास आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आधी ठरवा, दोष रेंचचाच आहे का

टॉर्क म्हणजे पकड नव्हे; पकड म्हणजे ताणलेला बोल्ट भाग दाबून धरतो तो जोर. बोल्ट पिळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात. प्रत्यक्ष बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. त्यामुळे घर्षण थोडं बदललं तरी पकड खूप बदलते. कोरड्या बोल्टसाठी ठरवलेला टॉर्क तेल लावलेल्या बोल्टला दिला तर तो जास्त ताणला जातो. गंजलेल्या किंवा रंग लागलेल्या आट्यांना तोच टॉर्क दिला तर क्लिक होतो, पण पकड येत नाही. रेंचला दोष देण्याआधी बोल्ट तोच आहे ना, वॉशर तोच आहे ना आणि कोणी मध्येच तेलाचा ब्रश फिरवायला सुरुवात केली आहे का, हे विचारून घ्या.

दुसरी चूक तपासणीची. घट्ट केलेल्या बोल्टवर दुसरा रेंच लावायचा, क्लिक झाला की खूण करायची, ही पद्धत सगळीकडे दिसते. त्यातून रेंचची अचूकता कळत नाही. बोल्ट १२० ला आवळलेला असला तरी ८५ वर सेट केलेला रेंच न हलताच क्लिक होणार, म्हणजे जादा आवळलेला बोल्ट इथं पकडलाच जात नाही. थोडा कमी आवळलेला बोल्टही निसटतो, कारण थांबलेला बोल्ट पुन्हा हलवायला सुरुवातीचं घर्षण मोडावं लागतं आणि तेवढ्यात क्लिक होऊन जातो. रेंचचं खरंखोटं बोल्टवर नव्हे, टेस्टरवर ठरतं.

सर्टिफिकेट नीट वाचा

इथं आमचे डोळे उघडले. हातानं चालवायच्या टॉर्क रेंचसाठी आयएसओ ६७८९ हे मानक आहे. २०१७ मध्ये त्याचे दोन भाग झाले: पहिला रेंच मानकात बसतो की नाही हे ठरवण्यासाठी, दुसरा मोजमापातल्या अनिश्चिततेसह कॅलिब्रेशन सर्टिफिकेट देण्यासाठी. नेहमीच्या क्लिक रेंचला, कमाल टॉर्क १० न्यूटन-मीटरच्या वर असेल तर, ४ टक्के अधिक-उणे चालतं. १० किंवा त्याखालच्या छोट्या रेंचला ६ टक्के. तपासणी कमाल टॉर्कच्या २०, ६० आणि १०० टक्के अशा तीन ठिकाणी होते, आणि मोजण्याआधी रेंच पूर्ण क्षमतेवर पाच वेळा क्लिक करून घेतात.

आता आपल्या सर्टिफिकेटवर बघा, रीडिंगचे दोन संच आहेत की एकच? रेंच लॅबमध्ये आला तेव्हा काय दाखवत होता, आणि रेंचमधला सेटिंगचा स्क्रू फिरवून दुरुस्त केल्यावर काय दाखवतो, हे दोन्ही हवं. आमच्या सर्टिफिकेटवर फक्त दुरुस्तीनंतरचे आकडे होते. रेंच दरवेळी कमी टॉर्कला सुटत असतानाच लॅबमध्ये जात होता, तिथं दुरुस्त होत होता, आणि आमच्या हातात फक्त ‘पास’ येत होतं. मधल्या काळात निघालेल्या गिअरबॉक्सचं काय झालं, हे सांगणारा एकमेव आकडा कागदावर उतरतच नव्हता. आता रेंचसोबत जाणाऱ्या चिठ्ठीवर आम्ही ठळक लिहितो: ‘हात लावण्याआधीची रीडिंग द्यावीत.’ एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबला यात नवीन काही नाही, पण सांगितल्याशिवाय मिळेल असं धरून चालू नका.

चिन्हाचा घोळ तर फारच महागात पडतो. मानकातल्या सूत्रात क्लिक रेंचचा फरक असा काढतात: रेंचवर सेट केलेला आकडा वजा टेस्टरवरचा आकडा, भागिले टेस्टरवरचा आकडा. आमच्या उदाहरणात ८५ वजा ७९.५ म्हणजे ५.५, त्याला ७९.५ नं भागलं की अधिक ६.९ टक्के. अधिक! कागदावर अधिक दिसलं की माणूस म्हणतो रेंच जास्त आवळतोय. प्रत्यक्षात तो कमी आवळतोय. आमच्या एका सुपरवायझरनं याच गैरसमजातून सेटिंग आणखी कमी करायला सांगितलं होतं, हे मला नंतर जुन्या नोंदींत सापडलं. टक्केवारी बाजूला ठेवा आणि सेटिंग व रीडिंग हे दोन आकडे शेजारी ठेवून स्वतः बघा.

वर्ष नव्हे, क्लिक मोजा

हे मुख्य कारण, म्हणून जरा सविस्तर. ‘कॅलिब्रेशन वर्षातून एकदा’ हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पण ते अर्धंच आहे. वापरणाऱ्यानं स्वतःची वेगळी पद्धत ठरवलेली नसेल तर १२ महिने किंवा सुमारे ५,००० वेळा वापर, यांतलं जे आधी होईल ते, असं मानक सांगतं. दुसरा अर्धा भाग स्टिकरवर छापायला जागा नसते, म्हणून तो विसरला जातो.

आमच्या लाइनवर शिफ्टला ७० गिअरबॉक्स निघतात. प्रत्येकाला आठ बोल्ट, म्हणजे ५६० क्लिक. ५,००० व्हायला नऊ शिफ्ट पुरतात. स्टिकरवर वर्षाची मुदत आणि रेंचची खरी मुदत दीड आठवडा! हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा कोणालाच काही बोलता येईना.

गॅरेज आणि टायरच्या दुकानातही हेच घडतं. दिवसाला वीस गाड्या, चार चाकं, चाकाला चार किंवा पाच नट, म्हणजे ३२० ते ४०० क्लिक. दोन-अडीच आठवड्यांत आकडा भरतो. उलट एखाद्या देखभाल विभागात महिन्यातून दहादा वापरला जाणारा रेंच वर्षभर आरामात टिकेल. दोघांना एकच स्टिकर लावणं बरोबर नाही.

५,००० झाले की रेंच दर वेळी लॅबला पाठवा असं मी म्हणत नाही, ते कोणालाच परवडणार नाही. पण तेवढ्या काळात एकदा तरी आपल्याकडं मोजून बघा. लाइनवरून किती नग निघाले हे उत्पादनाच्या वहीत असतंच. त्याला बोल्टच्या संख्येनं गुणलं की क्लिक मिळतात, वेगळं यंत्र लागत नाही.

रोजच्या हाताळणीतल्या चुका

यांतल्या बऱ्याच तुम्हाला माहीत असतील, म्हणून भराभर सांगतो.

शिफ्ट संपली की रेंच ८५ वरच ठेवून जातात. आतली स्प्रिंग रात्रभर दाबलेली राहते आणि हळूहळू बसते. बसलेली स्प्रिंग कमी टॉर्कला सुटते. काम झालं की सेटिंग स्केलवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणा, पण त्याच्याही खाली फिरवू नका, नाहीतर आतले भाग मोकळे होऊन जागा सोडतात. काही रेंचची रचना वेगळी असते आणि त्यांना हे लागत नाही. त्यासाठी रेंचबरोबर आलेलं पत्रक बघा.

अडकलेला नट सोडायला टॉर्क रेंच वापरणं ही दुसरी सवय. सोडताना किती जोर लागेल याला हिशेब नसतो आणि रेंचच्या कमाल क्षमतेच्या कितीतरी वर तो जातो. सोडायला ब्रेकर बार, म्हणजे लांब दांड्याचा साधा मजबूत पाना, ठेवा, तोही हाताशी, त्याच रॅकवर. लांब ठेवलात तर माणूस उठून जाणार नाही, ही माणसाची नाही तर मांडणीची चूक आहे.

हँडलला पाइप जोडू नका. क्लिक झाल्यावर ‘पक्कं असावं’ म्हणून दुसरा झटका देऊ नका. हात हँडलच्या मध्यावर, खूण असेल तर खुणेवरच ठेवा. बऱ्याच रेंचमध्ये हात पुढेमागे सरकला की आकडा बदलतो. रेंच खाली पडला तर त्याच दिवशी टेस्टरवर लावा. गंज काढायचा पातळ स्प्रे आत मारू नका, कारण त्यानं आतलं ग्रीस धुऊन जातं आणि घर्षण बदलतं. कोकणात किंवा समुद्राकाठच्या गॅरेजमध्ये पावसाळ्यात हा मोह फार होतो. तिथं रेंच पुसून त्याच्या पेटीत बंद ठेवणं हाच उपाय.

रेंचच्या कमाल टॉर्कच्या २० टक्क्यांखाली काम करू नका. ४० ते २०० च्या रेंचनं २५ चा बोल्ट आवळायला गेलात तर क्लिक हाताला जाणवतही नाही. त्यासाठी लहान रेंच घ्या.

रेंचच्या डोक्यापासून पुढं निघणारा जोड, म्हणजे क्रोफूट, लावला की हिशेब बदलतो. सरळ उभा एक्स्टेन्शन चालतो, पण पुढं निघणारा जोड हाताची लांबी वाढवतो. रेंच ४०० मिलिमीटर आणि जोड त्याच रेषेत ५० मिलिमीटर पुढं असेल, तर बोल्टला १०० द्यायला रेंच ४०० भागिले ४५० गुणिले १००, म्हणजे सुमारे ८९ वर सेट करायचा. जोड रेंचला काटकोनात लावला तर सेटिंग जवळपास तेच राहतं.

आपल्याकडं मोजायचं कसं

पैसे असतील तर डिजिटल टॉर्क टेस्टर घ्या. रेंचला जेवढी चूक माफ आहे तिच्या चौथा हिस्साच चूक टेस्टरला माफ, हा नियम लक्षात ठेवा, म्हणजे ४ टक्क्यांच्या रेंचला १ टक्क्याचा टेस्टर. शिवाय त्याची रेंज जुळायला हवी. ५०० च्या टेस्टरवर २० मोजण्यात अर्थ नाही.

टेस्टरवर सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट मोडची. दोन मोड असतात: एक सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो, दुसरा पहिला शिखर-आकडा पकडतो, त्याला ‘फर्स्ट पीक’ म्हणतात. क्लिक रेंचला फर्स्ट पीकच हवं. क्लिक झाल्यावर हात एकदम थांबत नाही, थोडा पुढं जातोच, आणि पहिल्या मोडमध्ये तो पुढचा जोर आकड्यात मिसळतो. कमी आवळणारा रेंच मग छान ८५ दाखवतो. आमचा टेस्टर वर्षभर चुकीच्या मोडमध्ये होता. लाइनवरच्या तक्रारीवर आम्ही विश्वास ठेवला नाही, त्याचं हेही एक कारण.

मोजण्याआधी रेंच त्याच्या कमाल आकड्यावर पाच वेळा क्लिक करा. बरेच दिवस पडून असलेल्या रेंचचा पहिला क्लिक अनेकदा जड येतो. मग आकड्यावर आणून पाच रीडिंग घ्या. जोर सावकाश लावा, शेवटी झटका नको. मानकात तपासणीसाठी १८ ते २८ अंश तापमान सांगितलंय. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ते सापडायचं नाही, म्हणून आम्ही सकाळी पहिल्या तासात मोजतो.

टेस्टर नसेल तर बादली. ही पद्धत लॅबची जागा घेत नाही, पण रेंच ७-८ टक्के घसरलाय का हे नक्की सांगते. रेंचचा चौकोन, म्हणजे ज्यावर सॉकेट बसतो तो भाग, व्हाइसमध्ये असा धरा की हँडल आडवं, जमिनीला समांतर राहील. हँडलच्या खुणेवर दोरी बांधून बादली लटकवा आणि बारीक धारेनं पाणी सोडा. क्लिक झाला की पाणी बंद करा आणि बादली दोरीसकट तोला. किराणा दुकानातला शिक्का मारलेला काटा यासाठी पुरेसा आहे. बादली जमिनीपासून चारच बोटं वर ठेवा, म्हणजे क्लिकनंतर रेंच खाली झुकून पडणार नाही.

आता हिशेब. समजा रेंच ६० वर सेट आहे आणि चौकोनाच्या मध्यापासून दोरीपर्यंत ०.४२ मीटर आहे. क्लिकला बादली भरली १३.९ किलो. १३.९ गुणिले ९.७८ गुणिले ०.४२ म्हणजे ५७.१ न्यूटन-मीटर. इथं थांबलात तर म्हणाल रेंच ५ टक्के कमी टॉर्कला सुटतोय. पण रेंचचं स्वतःचं वजनही चौकोनाला खाली ओढत असतं. रेंच बोटावर तोलून त्याचा तोलबिंदू काढा. रेंच १.६ किलोचा आणि तोलबिंदू चौकोनापासून ०.१९ मीटरवर असेल, तर त्याचे आणखी २.९७. बेरीज ६०.०७. रेंच अगदी बरोबर आहे! हे २.९७ विसरल्यामुळे चांगले रेंच भंगारात काढलेले मी पाहिलेत.

९.७८ च्या जागी सोयीसाठी १० धरू नका, त्यातच २ टक्क्यांहून जास्त चूक होते. पुस्तकातला ९.८१ चालेल, पण आपल्या अक्षांशावर गुरुत्व त्यापेक्षा किंचित कमी आहे. हँडल आडवंच आहे ना, हे पाणसळ लावून बघा. दहा अंश तिरकं राहिलं तर दीड टक्का गेला.

सेटिंग करायचं की रेंच बदलायचा

तीन ठिकाणची रीडिंग शेजारी लिहा. ४० ला ३७, १२० ला ११७, २०० ला १९७ असं येत असेल तर सगळीकडं ३ नं कमी आहे. हा रेंच स्क्रूनं सुधारतो. स्क्रू एका वेळी पाव फेरापेक्षा कमी फिरवा, प्रत्येक वेळी पुन्हा क्लिक करा, पुन्हा मोजा. टेस्टर समोर नसताना त्या स्क्रूला हात लावू नका.

४० ला ४०, पण १२० ला ११४ आणि २०० ला १८९ असं असेल तर स्क्रू फिरवून फायदा नाही. वर बरोबर आणायला गेलात की खाली बिघडतो. स्प्रिंग किंवा आतला चाप झिजलाय. आणि एकाच आकड्यावर पाच रीडिंग ८१, ८७, ८३, ८८, ८० अशी उड्या मारत असतील तर सरासरी कितीही गोड दिसली तरी तो रेंच लाइनवर देऊ नका. ग्रीस सुकलंय, नाहीतर भाग झिजलेत. आधी सर्व्हिसिंग, मगच कॅलिब्रेशन. आमच्या जुन्या रेंचचं नेमकं हेच झालं होतं. लॅब दरवेळी स्क्रू फिरवून त्याला मर्यादेत आणायची आणि बसलेली स्प्रिंग काही आठवड्यांत त्याला परत बाहेर न्यायची.

आता आमच्याकडं दर सोमवारी, पहिल्या बोल्टच्या आधी, लाइनवरचा प्रत्येक रेंच टेस्टरवर येतो. फक्त त्याच्या कामाच्या आकड्यावर, पाच रीडिंग, वहीत तारीख आणि सही. एका रेंचला तीन-चार मिनिटं लागतात. मर्यादा आम्ही ४ ऐवजी ३ टक्के ठेवली आहे, म्हणजे बाहेर जाण्याआधीच दिसतं. रेंच ३ च्या बाहेर गेला की तो लाल पेटीत जातो आणि राखीव रेंच लाइनवर येतो. ४ च्याही बाहेर गेला तर मागच्या सोमवारपासून त्या रेंचनं आवळलेले गिअरबॉक्स गोदामातून परत काढतो, बोल्ट सोडतो, नव्यानं आवळतो. पूर्वी असं काही झालं तर कुठून मागं जायचं हेच कळत नव्हतं, कारण आधीचं खात्रीचं रीडिंग वर्षापूर्वीचं असायचं. आता जास्तीत जास्त एक आठवडा मागं जावं लागतं.

ज्या फिटरनं हातानं ओळखलं होतं, सोमवारची वही आता त्याच्याकडं असते.